घाट कोणी उतरवला

पारनाका, कल्याण
ता. ३ फेब्रुवारी १९५४

चि. सौ. शुभदास,

गोदूआजीचा आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. अक्षर लग्नानंतर बारीक झालंय. सासरी शाई वाटून देतात की काय?

नव्या सुनेची ओटी भरायला वणीच्या देवीला जाताय, चांगलं आहे. एस.टी.ने नाही, आगगाडीने नाही, सासऱ्यांच्या स्वतःच्या मोटारीतून, तेही चांगलं. आता तू विचारतेस, "आजी, मला गाडी चालवता येते हे सांगू का?" नको. सहा महिन्यांची सून आणि सासऱ्याच्या हातातलं चाक, या दोन गोष्टी एका वाक्यात आणू नयेत. तुला पाहायला आले तेव्हा त्यांनी भरतकाम विचारलं, गाणं विचारलं, डोळ्यांना चष्मा आहे का विचारलं. मुरबाडहून गवताच्या गाठी भरलेला ट्रक कल्याणला आणता येतो का, हे काही कोणी विचारलं नाही. आपणही सांगितलं नाही. तुझ्या बापाच्या ट्रकवर धाकू ड्रायव्हरने तुला शिकवलं आणि मी वर गाठींवर बसून राखण केली, हे आपल्या घरातच राहू दे. सासरा एकदा स्वतः दमला म्हणजे सांगायला सोपं जाईल. माणूस ताजा असतो तेव्हा त्याला अक्कल विकू नये.

आता रस्त्याचं ऐक. त्या रस्त्याने मी बैलगाडीतूनही गेलेय आणि आपल्या ट्रकमधूनही, आणि लोक काय काय चुका करतात ते बघत गेलेय.

उपाशी निघू नका आणि तडस लागेपर्यंत खाऊनही निघू नका. सासूला गाडी लागत असेल तर तिला पुढे बसव आणि हातात लिंबू दे. लिंबू दृष्टीला नाही, नाकाला. बैलगाडी पुढे असली तर मागून भोंगा वाजवायचा नाही. गाडीवान झोपलेला असतो आणि बैल जागा असतो. शहाण्याला दचकवू नये. शहापूरच्या पुढे कोणाला "गाव किती लांब?" विचारलंत तर "हे काय, आलंच" म्हणतील. ते खोटं बोलत नाहीत, तुमचं मन राखतात. त्यापेक्षा "तुम्ही सकाळी निघालात तर कधी पोचता?" असं विचारा. मग खरं कळतं.

कसाऱ्याला घाटाखाली थांबून गाडीला पाणी पाजा. पण तापलेल्या गाडीचं झाकण लगेच उघडायचं नाही. आत वाफ कोंडलेली असते, ती सासरा-जावई बघत नाही. आणि उतरताना गाडी न्यूट्रल करून मोकळी सोडायची नाही. पेट्रोल वाचवायला म्हणून सोडतात आणि मग त्यांची हाडं दरीतून वर आणावी लागतात. धाकू म्हणतो तसं, ज्या गियरमध्ये चढवली त्याच गियरमध्ये उतरवायची.

हे सगळं सासऱ्यांना सांग, पण तू म्हणून नको. आजी म्हणते म्हणून सांग.

तुझी आजी

—

नौपाडा, ठाणे
ता. ८ फेब्रुवारी १९५४

ती. गं. भा. आजीस,

शुभदाचा साष्टांग नमस्कार.

तुझ्या सूचना मामंजींना सांगितल्या. ते हसले आणि म्हणाले, "तुमच्या आजींनी गाडी ठेवली आहे वाटतं?" मी म्हटलं, नाही. झालं, विषय संपला.

काल सरावासाठी म्हणून मामंजींनी आम्हां सगळ्यांना माजिवड्यापर्यंत फिरवून आणलं. आजी, ते मान इतकी पुढे काढून चालवतात की काचेला नाक लागेल. गियर टाकतात तेव्हा पाट्यावर खोबरं वाटल्यासारखा आवाज येतो. माझा उजवा पाय आपोआप ब्रेकसारखा दाबला जात होता आणि समोर नुसती सासूबाईंची पिशवी. "मामंजी, क्लच पूर्ण दाबा" असं तोंडातून निघणारच होतं, त्याऐवजी मी म्हटलं, "मामंजी, पाणी देऊ का?" ते म्हणाले, "चालवताना पाणी कसलं पितेस?"

ह्यांना गाडी चालवता येत नाही आणि शिकायचंही नाही. गाडीत बसले की पेपर उघडतात.

सासूबाईंचा नियम एकच आहे, पण पक्का. जाताना कुठेही उतरा. देवीवरून निघालं की मात्र आपला उंबरा ओलांडेपर्यंत दुसऱ्या कोणाचाही उंबरा ओलांडायचा नाही. प्रसाद आधी आपल्या देवघरात, मग पाहुणेरावळे.

तू म्हणतेस म्हणून गप्प आहे. पण खरं सांगते, आयुष्यभर मागे बसून पदर सांभाळायचा असेल तर ते मला नाही जमणार. तिकडे असताना मुरबाडच्या रस्त्यावर चाक हातात आलं की वाटायचं, आता मी आहे. इथे मी नुसती असते.

तुझी शुभदा

—

कल्याण, ता. १० फेब्रुवारी १९५४

शुभे,

कार्डच टाकते. जमणार नाही ते मलाही ठाऊक आहे. म्हणून तर थांब म्हणते. वेळ आली की तोंडाने सांगावं लागत नाही. तोवर त्यांना पाणी देत जा.

आजी

—

ठाणे, ता. २० फेब्रुवारी १९५४

ती. आजीस,

सा. न. वि. वि. आम्ही सर्व सुखरूप परत आलो. देवीचं दर्शन उत्तम झालं. नांदुरीला गाडी ठेवून गड पायी चढलो. सासूबाई सगळ्यांच्या पुढे होत्या. ओटी भरली. येताना इगतपुरीजवळ मामंजींच्या हाताला किंचित लागलं, त्यामुळे पुढे गाडी ह्यांनी आणली. घरी सर्वांना आनंद झाला. हवा छान आहे. बाबांना नमस्कार.

तुझी शुभदा

—

कल्याण, ता. २२ फेब्रुवारी १९५४

चि. सौ. शुभदास,

तुझं कार्ड वाचलं. शेजारच्या मास्तरांकडूनही वाचून घेतलं, म्हटलं माझ्या डोळ्यांचा दोष असेल. त्यांनीही तेच वाचलं. "गाडी ह्यांनी आणली."

जावईबापू दिवाळसणाला आले होते तेव्हा आमच्या अंगणात त्यांना सायकल भिंतीला टेकवता आली नव्हती. तीनदा पडली. शेवटी तुझ्या बापाने धरली. तो माणूस कसारा घाट उतरून आला म्हणतेस? तेही इगतपुरीहून, जिथून पहिलंच वळण असं आहे की बैल रामनाम घेतात?

आणि "हवा छान आहे"? तू जन्मात कधी हवेबद्दल लिहिलेलं नाहीस. माणूस हवेवर आला की समजावं, पोटात काहीतरी आहे. प्रत्येक वाक्य कुणीतरी शेजारी बसून सांगितल्यासारखं आहे.

मला वाटतं ते असं. सासऱ्यांचा हात जास्त लागलाय. तुम्ही कोणी भाड्याचा ड्रायव्हर केला आणि तो सांगायची लाज वाटते. तसं असेल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. आणि दुसरं काही असेल तर पाकीट घे, चिकटव आणि नीट लिही.

आजी

—

ठाणे, ता. २५ फेब्रुवारी १९५४

ती. आजीस,

भाड्याचा ड्रायव्हर नव्हता. मी होते.

कार्ड सासूबाईंनी वाचून मग पेटीत टाकलं, म्हणून तसं लिहिलं. हे पाकीट मी स्वतः टाकणार आहे.

झालं असं. नाशिक सोडलं आणि इगतपुरी यायच्या जरा आधी गाडी उकळायला लागली. मामंजी उतरले. मी म्हटलं, "मामंजी, आजी म्हणते लगेच झाकण..." तेवढ्यात त्यांनी झाकण उघडलं. उजवा हात कोपरापर्यंत भाजला. गाडी निवल्यावर तिच्यात पाणी भरून रस्त्यावरच्या दोघातिघांनी ढकलत इगतपुरीत आणली, डॉक्टरच्या दारात. आता डॉक्टर आत बोलावतोय आणि सासूबाई म्हणतात, "उंबरा ओलांडायचा नाही." शेवटी डॉक्टर बिचारा पट्ट्या आणि मलम घेऊन बाहेर आला आणि मामंजींना गाडीच्या पायरीवर बसवून त्याने हात बांधला. बघायला अर्धी इगतपुरी जमली होती.

तेवढ्यात सासूबाईंचा भाचा आला. रेल्वेत आहे, तिथेच राहतो. म्हणाला, "आत्या, घर दोन पावलांवर आहे, रात्र काढा." सासूबाई म्हणाल्या, "दोन पावलांवर असो नाहीतर एका. प्रसाद माझ्या मांडीवर आहे." भाचा म्हणाला, "मग आगगाडीने जा." मामंजी म्हणाले, "गाडी रस्त्यात टाकून मी येणार नाही." एक थांबू देईना, एक निघू देईना. हे म्हणाले, "मग आपण इथेच रस्त्यावर बिऱ्हाड करू," आणि पेपर उघडला.

मी म्हटलं, "सासूबाई, मी आणू का गाडी?"

"कुठून आणणार आता दुसरी गाडी?"

"दुसरी नाही. हीच. घरी."

त्यांनी मांडीवरचा प्रसाद सावरला. मग म्हणाल्या, "देवीला स्मरून सांग. येते?"

"येते."

"कोणी शिकवलं?"

मी तुझं नाव सांगितलं. धाकूचं सांगायला जीभ वळली नाही. रागावू नकोस.

मामंजी म्हणाले, "अगं, परवाना नाही तिच्याकडे." सासूबाई म्हणाल्या, "देवीपुढे कसला परवाना," आणि पुढे येऊन माझ्या शेजारी बसल्या. प्रसाद मांडीवर, डोळे मिटलेले, तोंडाने देवीचं नाव. घाटात मामंजी मागून म्हणाले, "न्यूट्रल कर, पेट्रोल वाचेल." सासूबाई डोळे न उघडता म्हणाल्या, "तुम्ही गप्प बसा. तुमचा हात भाजलाय." एका वळणावर समोरून मालाचा ट्रक आला. मी गाडी कडेला घेऊन थांबवली, त्याला जाऊ दिलं. तो ड्रायव्हर आधी माझ्याकडे बघत राहिला आणि मग त्याने सलाम केला. आजी, मी इतकी खूश झाले की घाट संपू नये असं वाटलं.

कसाऱ्याला चहाला थांबलो तेव्हा हे म्हणाले, "तू हे मला कधी सांगणार होतीस?" मी म्हटलं, "तुम्ही पेपर खाली ठेवाल तेव्हा." ते हसले. पण पेपर खरंच खाली ठेवला होता.

पुढचं मात्र ऐक. ठाण्यात शिरलो आणि तलावपाळीच्या अलीकडे सासूबाई म्हणाल्या, "थांबव. देवीपुढे चाललं, रखमाबाईपुढे चालायचं नाही." रखमाबाई म्हणजे आमच्या समोरच्या. त्यांच्या खिडकीतून सगळा नौपाडा दिसतो. मला मागे बसवलं, ह्यांना चाकावर बसवलं, गाडी बंद केली, दोन हमाल बोलावले आणि ढकलत ढकलत दारात आणली. हे घोड्यावर बसलेल्या नवरदेवासारखे ताठ, वर भोंगा वाजवत. रखमाबाई खिडकीतून म्हणाल्या, "अगबाई, त्र्यंबकने आणली वाटतं गाडी?" सासूबाई म्हणाल्या, "हो ना. पेट्रोल दारातच संपलं बघा."

तुझी शुभदा

—

कल्याण, ता. २८ फेब्रुवारी १९५४

शुभे,

मला बैलाचा कासरा धरता येत नाही आणि मी तुला मोटार शिकवली? धाकूला सांगितलं तर तो म्हणाला, "आजी, मग माझा पगार तुम्हीच घ्या." आता कोणी विचारलं तर मला हो म्हणावं लागणार.

ट्रकला वाट दिलीस ते बरं केलंस. चढणाऱ्याचा मान पहिला.

जावयाला ढकलत आणलं हे मात्र महागात पडेल. जे नाही ते मिरवलं की लोक ते वापरायला मागतात.

आजी

—

ठाणे, ता. ८ मार्च १९५४

ती. आजीस,

तुझ्या तोंडाला काय म्हणावं. झालं तसंच. रखमाबाईंच्या मुलीचं लग्न वैशाखात नाशिकला आहे. त्या परवा हळदीकुंकवाला आल्या आणि बायकांच्या देखत सासूबाईंना म्हणाल्या, "नवरीला तुमच्या गाडीतून न्यायचं हं. त्र्यंबकचा हात घाटात बसलेला आहे." सासूबाईंनी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

ह्यांनी पेपर वाचणंच सोडलंय. काल मामंजींनी तोडगा काढला. वैशाखाच्या आधी गाडी विकून टाकायची. गाडीच नाही म्हटल्यावर कोण चालवणार हा प्रश्नच राहत नाही. चैत्रात गिऱ्हाईक बघायला येणार आहे.

मी धीर करून म्हटलं, "मी परवाना काढला तर?" सासूबाई म्हणाल्या, "आणि लोकांना काय सांगू? त्या दिवशी मुलाला ढकलत आणला होता म्हणून?"

आजी, गाडी गेली की संपलं. पुन्हा या घरात गाडी येणार नाही आणि आली तरी मी मागेच. काय करू ते सांग. थांब म्हणू नकोस.

शुभदा

—

कल्याण, ता. ११ मार्च १९५४

सौ. विहीणबाई यांस,

गोदूबाईचा नमस्कार. व्याह्यांचा हात कसा आहे? खोबरेल लावत जा.

मुलीकडच्यांनी काही मागू नये अशी रीत आहे. आम्ही आजवर मागितलं नाही, तुम्हीही कधी मागायची वेळ आणली नाहीत. पण मला म्हातारीला टिटवाळ्याच्या गणपतीला जायचं आहे. नवस जुना आहे, गुडघे त्याहून जुने आहेत. तुमची मोटार आली तर एखाद्या मंगळवारी जाऊन येईन म्हणते. मनात आणलंत तर तुम्हीही चला. गप्पा होतील.

एकच अट आहे, म्हातारीची समजा. शहाडच्या पुढचा रस्ता खडीचा आहे. ज्याने कसारा घाट उतरवला, त्यानेच मला न्यावं. दुसऱ्या कोणाच्या हातात मी जीव द्यायची नाही. मागाहून कोणी बदली दिलंत तर मी चाकाकडे बघूनच ओळखेन, आणि उंबऱ्यातच बसून राहीन. उंबऱ्याचं महत्त्व तुम्हाला मी सांगायला नको.

आपली,
गोदूबाई

—

ठाणे, ता. १६ मार्च १९५४

गं. भा. गोदूबाई यांस,

सा. न. पत्र पोचलं. तुमच्या अटीचा अर्थ मला कळला. मला तो कळावा म्हणूनच तुम्ही ती लिहिलीत हेही कळलं.

विहिणीचं पहिलं मागणं मी मोडणार नाही. मंगळवारी तेवीस तारखेला येऊ. तुमची नात चालवील. इकडून असं म्हणणं पडलं की शिकाऊ परवान्याशिवाय टिटवाळासुद्धा नाही, तेव्हा तो काढवला आहे. स्वारी शेजारी बसेल. आम्ही उजाडायच्या आत ठाणे सोडू, म्हणजे कोणाच्या दृष्टीस पडायला नको.

जेवण करू नका. मी दशम्या आणते.

सौ. प्रमोदिनी

—

ठाणे, ता. २७ मार्च १९५४

ती. गं. भा. आजींस,

त्र्यंबकचा नमस्कार. आपल्याला स्वतंत्र पत्र लिहिण्याची ही पहिलीच वेळ. कारण असं की, घरात मला कोणी काही सांगत नाही.

मंगळवारी आपण सर्व टिटवाळ्याला गेलात. मी ऑफिसात होतो. संध्याकाळी परत आल्यापासून पुढील गोष्टी घडल्या आहेत. भाऊंनी, म्हणजे वडिलांनी, गाडीचं गिऱ्हाईक येण्याआधीच निरोप पाठवून नको म्हणून कळवलं. पुढच्या महिन्यात ते शुभदाला पक्क्या परवान्याच्या परीक्षेला नेणार आहेत. आई स्वयंपाक करताना गुणगुणते. आणि समोरच्या रखमाबाई मला रोज खिडकीतून बघतात आणि पदर तोंडाला लावतात.

शुभदाला विचारलं तर म्हणते, "आजीला विचारा." तेव्हा विचारतो. आमच्या आईने टिटवाळ्यात नक्की काय सांगितलं? आणि वैशाखात मला नाशिकला गाडी न्यायची आहे की नाही? मला झोप लागत नाही.

आपला,
त्र्यंबक

—

कल्याण, ता. ३० मार्च १९५४

चि. त्र्यंबकराव यांस,

अनेक आशीर्वाद. तुमचं पत्र मिळालं. तुमचं अक्षर चांगलं आहे. ऑफिसात त्याचाच पगार मिळत असणार.

सांगते. टिटवाळ्यापर्यंत काही झालं नाही. तुमचे वडील तिच्या शेजारी बसून दर वळणाला पाय दाबत होते. पाय दाबायला पुढे नुसती फळी होती, मला ते बघून बरं वाटलं. तुमची आई माझ्याशेजारी मागे बसून मला सांगत होती की ठाण्यात कोणाला कळता कामा नये. मी हो हो म्हणत होते.

देवळापाशी उतरलो. मंगळवार, गर्दी मरणाची. आणि फुलवाल्यापाशी कोण उभं? तुमच्या रखमाबाई. लग्नाची पत्रिका गणपतीपुढे ठेवायला आल्या होत्या. "अगबाई, तुम्ही? त्र्यंबक कुठाय?" असं विचारतात तोवर तुमची बायको कडुलिंबाखालच्या अरुंद जागेत गाडी मागे घेत होती. एका झटक्यात घेतली, दोन टांगे आणि एक हारवाला यांच्या मधोमध. हारवाल्याने हार बाजूला केले नाहीत, इतका त्याचा भरवसा बसला.

तुमची आई म्हणाली, "त्र्यंबकला ताप आहे हो." झालं होतं, निभावलं होतं. पण रखमाबाईंना गप्प बसवेना. म्हणाल्या, "तरी सुनेच्या हातात चाक देणं म्हणजे फारच बाई. आमच्यात नाही चालत. आज चाक दिलं, उद्या घर मागेल. बाहेरून आलेल्या मुलीचा काय भरवसा?"

तुमच्या आईचा चेहरा मी पाहत होते. मी तोंड उघडणार होते, माझी जीभ तुम्हाला ठाऊक आहे. पण त्यांनी मला हाताने थांबवलं. म्हणाल्या, "रखमाबाई, इगतपुरीहून देवीचा प्रसाद माझ्या मांडीवर होता आणि आम्हां तिघांचा जीव हिच्या हातात. मी डोळे मिटून बसले होते ते भीतीने नाही. उघडायची गरज पडली नाही. घाट हिने उतरवला. त्र्यंबकला गाडी येत नाही. तुम्ही खिडकीतून पाहिलंत तेव्हा आम्ही त्याला ढकलत आणला होता. वैशाखात मुलीला सुखरूप पोचवायचं असेल तर हिला विचारा. ती हो म्हणाली तर गाडी मिळेल. नाहीतर टांगा सांगा, नाशिकपर्यंत."

तुमचे वडील खाकरले आणि म्हणाले, "आणि गाडी विकायची नाही." कोणी त्यांना विचारलं नव्हतं.

रखमाबाई जराशा हसल्या, जरा फुलं चिवडली. मग शुभदा किल्ली घेऊन आली तेव्हा तिला म्हणाल्या, "काय गं, वैशाखात तुला वेळ आहे का?" तुमची बायको आधी तुमच्या आईकडे बघायला लागली. आई म्हणाली, "माझ्याकडे काय बघतेस? तुला विचारलंय." मग ती म्हणाली, "आहे." आणि इतकी लाल झाली की लग्नाला उभी राहिली तेव्हाही झाली नव्हती.

तेव्हा रखमाबाई तुम्हाला हसतात त्याचं कारण एवढंच, की त्या दिवशी तुम्ही बंद गाडीत बसून भोंगा वाजवलात. ते करायला नको होतं. बाकी तुमची चूक नाही. लोकांनी चढवलं की माणूस चढतो.

आता झोपत जा. वैशाखात तुम्हाला काही चालवायचं नाही. मागे बसा, पाय पसरा. नवरी रडायला लागली तर तिला बोलण्यात गुंतवा, हे काम ड्रायव्हरचं नाही. उतारावर बायकोला सूचना करू नका आणि तुमच्या वडिलांनाही करू देऊ नका. खिडकीतून बाहेर बघा. कसारा घाट फार सुंदर आहे म्हणतात. चालवणाऱ्याला तो कधी दिसत नाही, आणि तुम्ही मागच्या खेपेला पेपर वाचत होतात.

आजी